शंभराच्या आत

तोआकासेला नवं घर मिळालं ते टोंगा देशाच्या मोठ्या बेटाच्या, टोंगाटापूच्या, अगदी मधोमध. समोर डांबरी रस्ता, मागे डुकरांचं कुंपण, दोन्ही बाजूंना साबुकंदाची शेतं. छप्पर पक्कं, नळाला पाणी, भिंतींना ताजा रंग. लाटेनंतर वर्षभर शाळेच्या हॉलमध्ये चटया अंथरून झोपलेल्या माणसांना आणखी काय हवं, असं सगळे म्हणाले. तीही म्हणाली. पण त्या घरातल्या पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, आणि काय राहिलंय ते बराच वेळ कळेना. मग ध्यानात आलं, समुद्र ऐकू येत नव्हता. छप्पन्न वर्षं डोळे उघडण्याआधी तो कानात असायचा.

ती नुकुहीफोची. होडीनं तीन तासांवरचं, चाळीस घरांचं बेट. लाट आली तेव्हा माणसं टेकडीवर पळाली आणि सगळी वाचली, पण टेकडीवरून खाली बघितलं तर गाव नव्हतं. नंतर सगळ्यांना इकडे आणलं, आणि पुन्हा तिथे वस्ती करायची नाही असं ठरलं. गावातला एकच माणूस मागे राहिला असं तोआकासेला वाटायचं. तिचा नवरा पाउलिआसी. लाटेच्या सहा वर्षं आधी, जाळं ओढता ओढता त्याचं हृदय थांबलं होतं. बेटाच्या पश्चिमेला, उंडीच्या झाडाखाली त्याला पुरलं होतं. दर शनिवारी दुपारी ती तिथे जायची. तण उपटायची, किनाऱ्यावरून टोपलीभर पांढरी वाळू आणून पसरायची, कडेचे काळे गोटे तेल लावून पुसायची आणि मग आठवड्याभरात काय काय झालं ते त्याला सांगत बसायची. सहा वर्षांत एक शनिवार चुकला नव्हता. आता तिथे जाऊन दोन वर्षं होत आली होती.

साखरेचा आजार तिला जुनाच होता. बेटावर गोळ्यांवर भागायचं. तिथे दुकान एकच, तेही पंधरवड्यानं होडी आली तरच भरलेलं. इकडे रस्ता ओलांडला की दुकान. पाव, गोड बिस्किटं, नूडल्स आणि गोठवलेल्या मेंढीच्या बरगड्या, ज्यांत मांस कमी आणि चरबीच जास्त. तिकडे खाडीत शिंपले वेचायला, केवड्याची पानं आणायला, कोनफळं खणायला दिवसभर पाय चालायचे. इकडे चालत जावं असं ठिकाणच नव्हतं. वर्षभरात साखर इतकी चढली की गोळ्या पुरेनात आणि दिवसातून दोनदा इन्शुलिन सुरू झालं.

सुईची भीती तिला कधीच वाटली नाही. पण सहा महिन्यांत एकशेसतरा किलोंची ती एकशेसव्वीसवर गेली. गुडघे बोलायला लागले.

लोपेटी त्या सुमाराला आला. लोपेटी नुकुहीफोचाच, पाउलिआसीचा मित्र, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याची इंजिनाची होडी होती, आणि महिन्यातून एकदोनदा तो अजून त्या बाजूला मासेमारीला जायचा. आला की तोआकासेच्या दारात एखादा मासा ठेवल्याशिवाय पुढे जायचा नाही.

"लोपेटी, एकदा मला घेऊन चल," ती म्हणाली.

"कुठे, वहिनी?"

"कुठे म्हणजे? राजवाड्यात चहाला! तुला ठाऊक नाही कुठे ते?"

लोपेटी पायरीवर बसला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं गुडघ्यावर घातली. "न्यायला मी नेईन हो. पण उतरवणार कोण? धक्का वाहून गेला. आता होडी खडपाच्या कडेला न्यायची, लाटेनं वर उचललं की उडी मारायची, आणि मग मांडीभर पाण्यातून दोनशे पावलं चालायचं. पायाखाली प्रवाळ."

"मी जन्मभर तशीच उतरत आले. धक्का तर माझ्या डोळ्यांदेखत बांधला."

"तेव्हा तुम्ही नव्वद किलोंच्या होतात आणि गुडघे धड होते. आता मी खाली हात पसरून उभा राहिलो आणि वरून तुम्ही आलात, तर आपण दोघंही पाउलिआसीच्या शेजारी मुक्कामाला. त्याला तुम्ही चालाल. मी नाही चालायचो, माझ्या घोरण्याला तो फार वैतागायचा."

तोआकासे हसली. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते तिनं मासा धरलेल्याच हातानं पुसलं आणि डोळा चुरचुरला.

"किती होऊ मग? किती झाले की नेशील?"

"शंभराच्या आत या," लोपेटी म्हणाला. सहज तोंडाला आला तो आकडा त्यानं सांगितला. "शंभराच्या आत आलात की मी स्वतः दारात येऊन बोलावीन."

तिनं मात्र तो आकडा मनात कोरून घेतला.

मंगळवारी दवाखान्यात आकेसा नर्स असायची. आकेसा स्वतः अंगानं भरलेली, आवाज मोठा, हात हलका. तोआकासेनं तिला विचारलं, "मी खाते तेवढंच खाते. मग ही सुई मला फुगवते का?"

"सुई फुगवत नाही गं. आधी तू खायचीस त्यातली किती साखर लघवीतून वाहून जात होती. आता ती अंगाला लागते. म्हणजे औषध काम करतंय. आता खाणंच आवरायला हवं." आकेसानं तिला एक कागद दिला. त्यावर ताटाचं चित्र होतं. अर्धं ताट पालेभाजी, पाव ताट मासा, पाव ताट कंद. "आणि महिन्याला दोन किलो उतरले तरी पुष्कळ. घाई करायची नाही."

तोआकासेनं कागद फ्रिजवर चिकटवला. पण आकेसाला एक गोष्ट तिनं सांगितली नव्हती. इन्शुलिन सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात, रविवारी चर्चमध्ये गाताना तिची साखर उतरली होती. हात थरथरायला लागले, घामानं कपडे भिजले, पुस्तकातली अक्षरं पोहायला लागली आणि ती बाकावर बसायच्या ऐवजी बाकाशेजारी बसली. बायकांनी केक भरवून तिला उठवलं. साऱ्या मंडळींसमोर. तेव्हापासून तिनं धसका घेतला. गायला जायच्या आधी जॅम लावून दोन पाव, दुपारी पडायच्या आधी बिस्किटं, निजण्याआधी दोन केळी, असं ती भूक असो नसो खात राहायची. साखर किती आहे ते मोजायचं यंत्र घरात होतं, पण ते बघत बसण्यापेक्षा खाणं सोपं होतं.

त्यामुळे कागद फ्रिजवर राहिला आणि काटा होता तिथेच राहिला. दोन महिन्यांनी एकशेसत्तावीस.

गावातल्या बायका आठवड्यातून तीन दिवस एका शेडमध्ये जमून झाडाच्या सालीचं कापड कुटायच्या. लांब लाकडी ओंडक्याच्या एका बाजूला सहा जणी, हातात मोगऱ्या, आणि ठोक्यांच्या तालावर साऱ्या गावाच्या भानगडी. तिथे पासेपा नावाची एक बाई होती. तिला प्रत्येक आजारावर काहीतरी ठाऊक असायचं.

"माझ्या चुलतबहिणीनं सुई अर्धी केली," पासेपा म्हणाली. "दोन महिन्यांत अशी बारीक झाली, की नवऱ्यानं आधी ओळखलंच नाही."

"आणि नंतर?" शेजारणीनं विचारलं.

"नंतर ओळखलं आणि पळून गेला!"

सगळ्या खदखदल्या. तोआकासेही हसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इन्शुलिनच्या पेनावरचा आकडा फिरवताना तिचा हात चोविसाऐवजी बारावर थांबला. आठवड्यानं संध्याकाळची सुई तिनं घेतलीच नाही. मुलगी मेलिआमे समोर असली, तर पेन पोटाला लावल्यासारखं करायची आणि टोपण घालायची.

मेलिआमे तिची एकुलती मुलगी. नवरा हंगामावारी ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला, पदरी दोन लहान मुली, दिवसा एका लाँड्रीत काम. आईला जेवू घालणं ही तिची सगळ्यात मोठी माया. रविवारी चर्चला जाण्यापूर्वी ती जमिनीतल्या भट्टीत जे पुरून जायची, त्यात आईची पानांची पुरचुंडी वेगळी, सगळ्यांत मोठी असायची. अळूच्या पानांत मटण, वर नारळाचं घट्ट दूध. तीन तासांनी उघडली की घरभर वास. लू म्हणतात त्याला. मेलिआमेचा लू बापाच्या हातासारखा होतो असं तोआकासे म्हणायची, आणि त्या वाक्यावर मेलिआमे आठवडा काढायची.

पाच आठवड्यांत तोआकासे नऊ किलो उतरली. जेवण तेच, पाव तेवढेच, तरी काटा खाली. तिला वाटलं, देवानं ऐकलं. पाद्रीबाई मात्र मेलिआमेला बाजूला घेऊन म्हणाली, "आई सुकली गं. घरात सगळं ठीक आहे ना? काही कमी पडत असेल तर सांग." मेलिआमेचं तोंड उतरलं. आईला उपाशी ठेवते असं लोक म्हणणार, या विचारानं तिनं त्या रविवारी पुरचुंडी आणखी मोठी केली.

तोआकासे ती खायची आणि वर तांब्यावर तांबे पाणी प्यायची. तहान भागत नव्हती. डोळ्यांपुढे धूर असल्यासारखं दिसायचं. शेडमध्ये साल खरवडायचा शिंपला पायाला लागून झालेली बारीकशी जखम भरेना. पण तिच्या मनानं दिवस मोजायला घेतले होते. एकशेअठरा. या वेगानं गेलं तर अजून अडीच महिने. शेडमध्ये कुटता कुटता ती मनातल्या मनात पाउलिआसीशी बोलायची. येते रे. थांब जरा. तुझे गोटे वाळूत बुडाले असतील, काढते येऊन.

एका गुरुवारी मोगरी उचलली ती खाली आलीच नाही. शेजारणीनं बघितलं तर तोआकासे ओंडक्यावर कपाळ टेकून होती. श्वास लांब लांब, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. हाक मारली तर ती "वाळू आणली का?" एवढंच म्हणाली.

इस्पितळात नऊ दिवस गेले. पहिले दोन तिला आठवत नाहीत. यंत्रात साखरेचा आकडा दिसतच नव्हता, इतकी ती वर गेली होती. मेलिआमे खुर्चीवर बसून असायची. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, आई इन्शुलिन घेत होती का, आणि तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, माझ्यासमोर घेते.

तिसऱ्या दिवशी आकेसा भेटायला आली. तिनं आवाज चढवला नाही, तेच तोआकासेला जास्त लागलं.

"किती दिवस कमी घेत होतीस?"

तोआकासेनं बोटं दाखवली. पाच आठवडे, सहा.

"बारीक व्हायला?"

तिनं मान हलवली.

"तुझं मांस वितळत होतं, तोआकासे. अंगाला साखर मिळेना म्हणून अंग स्वतःलाच खात होतं. असं बारीक होणारी माणसं मी बघितलीत. ती बारीकच पुरली जातात." मग खुर्ची ओढून ती जवळ बसली. "आता खरं सांग. या वयात कुणाला दाखवायचंय?"

आणि तोआकासेनं सांगितलं. उडी, खडप, शंभराचा आकडा, शनिवार, काळे गोटे. मेलिआमेसमोर तिनं हे कधीच काढलं नव्हतं. आता मेलिआमे खुर्चीतच होती.

आकेसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे मला आधी सांगायचं की नाही? मी बाई ताटाचं चित्र देत बसले. मला वाटलं हिला फ्रिजवर लावायला काहीतरी हवंय."

मेलिआमे उठून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही.

खरं काम घरी आल्यावर सुरू झालं, आणि ते फार हळू होतं. आकेसानं पहिली गोष्ट सांगितली ती भीतीची. "थरथर वाटली की आधी यंत्र बघ. आकडा खरंच खाली असेल तर चार गोड गोळ्या चघळ, पंधरा मिनिटं थांब, परत बघ. केक नाही, जॅम नाही. आणि आकडा खाली नसेल तर ती थरथर साखरेची नाही, मनाची. तिला पाणी पाज." दुसरी गोष्ट, जेवण कमी करायचं ते आकेसाला कळवून. जेवण उतरलं की इन्शुलिनही उतरवावं लागतं, नाहीतर साखर पडते. आणि ते किती उतरवायचं ते डॉक्टर ठरवणार, तोआकासे नाही, पासेपा तर मुळीच नाही. दर मंगळवारी वही घेऊन यायचं.

वहीत सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, खाल्लेलं. पहिल्या आठवड्यात सात वेळा थरथर झाली आणि सातांतली एकच खरी निघाली. ते बघून तोआकासे वहीकडे बघतच राहिली. इतके महिने इतका पाव उगाच.

कोनफळ तिला जिवापाड आवडायचं. आधी ताटात चार मोठे तुकडे असायचे, आता हाताच्या पंजात मावेल तेवढा एक. बरगड्या बंद. लोपेटीचा मासा भाजून, किंवा लिंबात मुरवून कच्चा, नारळाचं दूध चमचाभर. पेले नावाची पालेभाजी परसात लावली, ती वाफवून भरपूर. चहा बिनसाखरेचा. पहिला घोट घेतला तेव्हा तिनं तोंड असं केलं की नात म्हणाली, "आजी, पाल गिळलीस का?"

आणि चालणं. साबुकंदाच्या शेतांच्या कडेनं, ऊन उतरल्यावर. पहिल्या दिवशी पाद्र्याच्या घरापर्यंत, महिन्यानं पाण्याच्या टाकीपर्यंत. भूक लागायचीच. पोटाची भूक कळायची, ती मासा आणि पाल्यानं भागायची. पण दुसरी एक भूक होती. ती रविवारी अकरा वाजता यायची, चर्चमध्ये शेवटचं गाणं चालू असताना, कुणाच्या तरी भट्टीतून पानांचा वास आत आला की. त्या वासात पाउलिआसी घामेजल्या अंगानं माती बाजूला सारताना दिसायचा. तिला तो लू नको असायचा, तो दुपारचा वेळ हवा असायचा. पण तो मिळायचा नव्हता, आणि लू समोर असायचा.

असाच एक रविवार भांडणाचा झाला. मेलिआमेनं नेहमीची पुरचुंडी आईपुढे ठेवली. तोआकासेनं उघडली, दोन घास खाल्ले आणि बाजूला केली.

"आता माझ्या हातचंही नको का?" मेलिआमे म्हणाली.

"अगं, नको कसं? पुरे झालं."

"लोक मला काय म्हणतात ठाऊक आहे तुला? आई वाळत चाललीय, मुलगी बघत बसलीय."

"लोकांना सांग, नर्सला विचारा."

"लोकांचं जाऊ दे!" मेलिआमेचा आवाज फुटला. मुली घास हातात धरून बघायला लागल्या. "तू का वाळतेयस ते मला माहितीय. प्रत्येक घास तू माझ्या ताटातून काढून त्याच्याकडे नेतेयस. एकदा तिकडे पाय लागला की तू परत यायची नाहीस. बसशील तिथे वाळूत. मी ओळखते तुला. इस्पितळात तुला विचारलं, तुम्ही कुठे आहात, तर तू म्हणालीस घरी. नाव काय तर म्हणालीस पाउलिआसीची बायको. माझं नाव घेतलं नाहीस एकदाही."

तोआकासेला हे आठवत नव्हतं. नुकुहीफो सोडलं तेव्हा मेलिआमेही तीस वर्षांची होती, तिचाही बाप तिथे होता, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. आपलं दुःख तेवढं मोठं, असं धरून ती चालली होती.

"चल मग तूही," ती शेवटी म्हणाली. "तुझाही बाप आहे."

मेलिआमे ताटं उचलायला लागली. पण पुढच्या रविवारी पुरचुंडी लहान होती, मुठीएवढी, पातळ दुधातली, मटणाच्या जागी मासा. तोआकासेनं ती पूर्ण खाल्ली.

दहा महिन्यांत ती एकशेचारवर आली. मग काटा हटेना. सहा आठवडे एकशेचार. इन्शुलिन सकाळी चौदा, संध्याकाळी आठ एवढं उतरलं होतं, जखम भरली होती, गुडघे गप्प होते, पण काटा हटेना. आकेसा म्हणाली, "अंगानं दम घेतलाय, घेऊ दे." तोआकासेला दम निघत नव्हता. पावसाळी वारे सुटायला दीड महिना उरला होता. एकदा वारे सुटले की चार महिने होडी त्या बाजूला जात नाही.

ती स्वतःच लोपेटीच्या घरी चालत गेली. टाकीच्याही पुढे, खाडीपर्यंत, तासभर. लोपेटी जाळं दुरुस्त करत होता.

"एकशेतीन," ती म्हणाली. एक किलो तिनं चालण्यात गेला असं धरलं. "शंभर होत नाहीत. काय करायचं ते सांग."

लोपेटीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग विचारलं, "इथे कशानं आलात?"

"पायांनी."

"सगळी वाट?"

"मग काय, पोहत?"

लोपेटीनं जाळ्याची सुई खाली ठेवली. "वहिनी, शंभर तर मी असंच बोललो होतो. तेव्हा तुम्हाला नाही म्हणायचा धीर नव्हता. त्यापायी तुम्ही इस्पितळात गेलात असं मेलिआमेनं सांगितलं, तेव्हापासून मला घास गोड लागत नाही." त्यानं जाळं बाजूला सारलं. "शनिवारी समुद्र शांत आहे. पहाटे या. दोघीही या."

शनिवारी मेलिआमे आली. रागानं की कशानं, कळत नव्हतं, पण आईचं पेन, यंत्र, गोड गोळ्या आणि उकडलेल्या नीरफणसाचा डबा तिनं स्वतः भरला, पेन ओल्या फडक्यात गुंडाळून. आकेसानं बजावलं होतं, पाण्यातून चालल्यानं साखर पडेल, सकाळची सुई थोडी कमी आणि उतरण्याआधी चार घास पोटात.

खडपाशी होडी आली तेव्हा तोआकासेनं होडीची कड घट्ट धरली. लाट होडीला उचलायची, सोडायची. लोपेटी पाण्यात उभा. मेलिआमे आधी उतरली, आणि मग दोघांनी हात वर केले.

"आता नाही, आता नाही," लोपेटी ओरडत होता, "आता!"

ती उतरली. पाय प्रवाळावर पडला, घसरला, सावरला. लाटेचं पाणी छातीला लागलं. दोनशे पावलं तिनं दोघांच्या मधे, कुणाला न धरता टाकली. एकदाच मेलिआमेचा हात धरला, तोही लेकीचा पाय मुरगळला म्हणून.

गाव नव्हतं ते तिला ठाऊक होतं. चर्चच्या तीन पायऱ्या उरल्या होत्या, वर काही नाही. पण पश्चिमेला उंडीचं झाड नव्हतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. झाड नाही, गोटे नाहीत, क्रूस नाहीत. सगळ्या दफनभूमीवर कमरेभर वाळू चढून ती सपाट झाली होती आणि वर वेली पसरल्या होत्या. जांभळी फुलं.

"इथे असेल," लोपेटी म्हणाला.

"नाही, अलीकडे," मेलिआमे म्हणाली. "बाबांच्या इथून पाद्र्याची ओसरी दिसायची."

पण ओसरीच नव्हती. तोआकासे इकडून तिकडे चालत राहिली. एका ठिकाणी बसून दोन्ही हातांनी उकरायला लागली. हातभर खाली गेली, ओली वाळू लागली, आणखी वाळू लागली. कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले.

"आई, बोट दे," मेलिआमे शेजारी बसली. यंत्र बघितलं. "खरंच खाली आहे. घे." चार गोळ्या तिनं आईच्या तोंडात एकेक करून घातल्या आणि पंधरा मिनिटं तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. समुद्र ऐकू येत होता.

मग तोआकासे उठली. तिनं किनाऱ्यावरून टोपलीभर पांढरी वाळू आणली आणि वेली उपटून साफ केलेल्या जागेवर पसरली. तिथे कोण होतं कुणास ठाऊक. सासरा असेल, पाद्री असेल, तान्हेपणी गेलेली पोरं असतील. मेलिआमेनं दुसरी टोपली आणली. लोपेटीनं तिसरी, त्याची आई तिथेच कुठेतरी होती. दोन तासांत जमेल तेवढ्या जागेवर त्यांनी वाळू पसरली. तोआकासेनं पाउलिआसीला गेल्या तीन वर्षांतलं काही सांगितलं नाही. इतकं साठलं होतं की सुरुवात कुठून करायची कळेना, आणि कुठल्या दिशेला तोंड करून बोलायचं तेही कळेना.

सूर्य कलला. लोपेटी भरतीकडे बघत चुळबुळत होता, पण निघू या असं म्हणायची त्याची छाती होत नव्हती. मेलिआमे आईच्या पाठीमागे उभी होती, हातात रिकामी टोपली घेऊन.

तोआकासेच उठली. "चल गं मेलिआमे," ती म्हणाली. "संध्याकाळची सुई घरी जाऊन घ्यायचीय, आणि पोरी वाट बघत असतील."

होडीत चढताना लोपेटीला तिला खालून ढकलावं लागलं. "वहिनी, एकशेतीन नक्की ना?" तो धापा टाकत म्हणाला.

"ओल्या कपड्यांचे चार धर," ती म्हणाली, आणि मेलिआमे त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

त्यानंतर ती तीनदा जाऊन आली. वजन एकशेएकच्या खाली कधी गेलं नाही. गेल्या नाताळात दोन किलो वाढलं होतं, ते ईस्टरपर्यंत उतरलं. सकाळ-संध्याकाळ सुई चालू आहे, वही चालू आहे. शेडमध्ये पासेपानं काही औषध सुचवलं की तोआकासे म्हणते, "आधी तू घे, मी तुला इस्पितळात भेटायला येते." जागा काही तिला अजून सापडलेली नाही. दर वेळी ती वेगळ्या ठिकाणी वाळू पसरते, दर वेळी परतीच्या होडीत वाटतं, चार पावलं डावीकडे बघायला हवं होतं. मग पुढचे कितीतरी दिवस, शेतांच्या कडेनं चालताना, ती मनातल्या मनात ती चार पावलं टाकत असते.